दोन सेकंदांचा दिवा

वहिनीचा लॅपटॉप सुरू होत नव्हता आणि सोमवारच्या आत तो सुरू व्हायलाच हवा होता. सोमवारी सकाळी दहा वाजता तिला शुश्रूषा केंद्रात न्यायला गाडी येणार होती. तिला तिथे जायचंय का, हे तिला कुणी विचारलेलं नव्हतं, कारण तिला बोलता येत नव्हतं. तिला बोलतं करू शकेल अशी घरात एकच वस्तू होती, आणि बटण दाबलं की त्या वस्तूचा हिरवा दिवा लागायचा आणि दोन सेकंदांत विझायचा.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. पाच आठवड्यांपूर्वी ती न्हाणीघराच्या दारात पडली. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि जीभ जड झाली. मान हलवली तरी ती हो म्हणते की नाही, ते कळायचं नाही. तिला दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी दादाचा फोन आला, "तू ये. मला एकट्याला नाही जमत." मी एकटा जीव, नोकरीतून सुटलेली. पिशवी भरली आणि आले. दादाचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, त्याला जड उचलायची बंदी. त्यामुळे उचलणं, पुसणं, भरवणं सगळं माझ्याकडे आलं. मी तक्रार करत नाही. म्हणजे करते, पण तोंडावर करते, मनात ठेवत नाही.

मी टेलिफोन खात्यात होते, फॉल्ट विभागात. तीस वर्षं कानाला रिसीव्हर लावून लोकांच्या बिघडलेल्या लाइनी ऐकल्या. खरखर आली तर केबलमध्ये पाणी शिरलंय, भलत्याच कुणाचं बोलणं ऐकू आलं तर तारा एकमेकींना चिकटल्यात, काहीच ऐकू आलं नाही तर तार तुटलीय. मी खुर्चीवरून न उठता बिघाड सांगायची आणि लाइनमन शिडी घेऊन बरोबर तिथे जायचा. ऑफिसात मला 'कान' म्हणायचे. "कानाला विचार" म्हणायचे. त्याचा मला फार तोरा होता.

दादाचं म्हणणं, वहिनीचं डोकंच गेलं. माझं म्हणणं, डोकं ठिकाणावर आहे, फक्त जीभ गेलीय. तो तिच्यासमोर बातम्या उलगडून सांगताना मंत्र्यांची खाती चुकवायचा तेव्हा तिची डावी भुवई वर जायची. हे मी दोनदा पाहिलं होतं. पण दादाला दाखवायला जावं तर तोवर भुवई खाली. पहिल्याच आठवड्यात दवाखान्यातून एक बाई चित्रांचा तक्ता घेऊन आल्या होत्या. पेला, पलंग, संडास. "काय हवं त्यावर बोट ठेवा हं, आजी." वहिनीने भिंतीकडे तोंड फिरवलं. दादा म्हणाला, "बघ, समजत नाही तिला." मी म्हणाले, "समजतंय म्हणूनच तोंड फिरवलं." आमचं त्यावरून चांगलंच वाजलं. तिच्या डोक्याशी उभं राहून वाजलं, आणि ती ऐकत होती.

पंचवीस वर्षं तिने घरी बसून डीटीपी केलं. पीएचडीचे प्रबंध, कोर्टातले अर्ज, निवृत्त माणसांची आत्मचरित्रं. आत्मचरित्रांचं व्याकरण ती गुपचूप दुरुस्त करायची, आणि लेखकमहाशय म्हणायचे, छापलं की माझी भाषा कशी खुलते बघा. जुन्या टाइपरायटरचा कीबोर्ड तिच्या बोटांत मुरलेला होता आणि तो त्या जुन्या लॅपटॉपमधल्या जुन्या सॉफ्टवेअरवरच चालायचा. ती खाली बघायचीसुद्धा नाही. डावा हात अजून शाबूत होता. म्हणजे लॅपटॉप सुरू झाला की ती एका हाताने का होईना, बोलणार. मोबाइल देऊन पाहिला होता. तिने आयुष्यात त्यावर मेसेज लिहिलेला नाही. थरथरत्या बोटाने त्यावर नुसती गिचमीड उमटली आणि दादाला आणखी एक पुरावा मिळाला.

मी दादाला विचारलं, "लॅपटॉपला आधीपासून काही त्रास होता का?"

"काय माहीत. तिचा तीच सुरू करायची," दादा म्हणाला. "सकाळी आतल्या खोलीत काहीतरी खटपट करायची आणि मग कामाला बसायची. मी कधी बघितलं नाही."

चाळीस वर्षांच्या संसारात याने कधी बघितलं नाही. मी कपाळावर हात मारला आणि लॅपटॉप उचलून तिच्या पलंगाशेजारच्या टेबलावर आणून ठेवला.

पहिल्या दिवशी चार्जर तपासला. मल्टिमीटर लावला, व्होल्टेज ठणठणीत. दुसऱ्या दिवशी बॅटरी काढली, बटण अर्धा मिनिट दाबून धरलं आणि नुसत्या चार्जरवर चालू करून पाहिला. दिवा, दोन सेकंद, विझला. तिसऱ्या दिवशी टेबलावर पालथा घालून खालचे स्क्रू काढले. मेमरीच्या पट्ट्या उपसल्या, त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले, पुन्हा बसवल्या. रंगाच्या ब्रशने पंख्यातली धूळ काढली. बोटाने पंखा फिरवून पाहिला, छान गरगरला. "पंखा उत्तम," मी मोठ्याने म्हणाले. मला कामात असं बोलायची सवय आहे. मग स्क्रू लावले, लॅपटॉप सरळ केला, बटण दाबलं. दिवा, दोन सेकंद.

याच दिवसांत वहिनीने एक शब्द धरला. "उल्ट," ती म्हणायची. खरं म्हणजे त्याला शब्द म्हणणंही जिवावर येईल. घशातून एक 'उ' यायचा, जिभेला ओढत 'ल' यायचा, मग 'ट' आपटायचा आणि त्यापुढचं विरून जायचं. घरी आणल्याच्या दिवशी तिला गाडीत एकदा उलटी झालेली होती. त्यामुळे पहिल्यांदा "उल्ट" ऐकलं आणि मी धावत जाऊन स्टीलचं भांडं आणलं, तिच्या हनुवटीखाली धरलं. काही आलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. "होईल, होईल," मी म्हणाले, "घाई करू नकोस." पाठीवर हात फिरवला. पुन्हा "उल्ट." पुन्हा भांडं.

दिवसातून दहा-बारा वेळा हे व्हायचं. भांडं तिच्या उशाशीच राहू लागलं. दादा डॉक्टरांशी फोनवर बोलला. त्यांनी उलटीची गोळी लिहून दिली, दिवसातून तीनदा, आणि घट्ट अन्न बंद करायला सांगितलं. गोळीने ती पेंगायची. पेंगत नसली की "उल्ट." नुसत्या पातळावर ठेवल्याने तिची मनगटं आठ दिवसांत बारीक झाली.

मी अक्षरांचा तक्तासुद्धा केला होता. हे सांगताना मला माझी लाज वाटते, पण सांगायला हवं. मोठ्या पुठ्ठ्यावर सगळी मुळाक्षरं लिहिली आणि पुठ्ठा तिच्यासमोर धरला. तिचं बोट थरथरत वर आलं, घसरलं, पुन्हा वर आलं. 'उ'वर टेकलं. मग बऱ्याच वेळाने 'ल'वर टेकलं. मग 'ट'कडे निघालं. माझा स्वभाव असा की समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की पुढचं मी पूर्ण करून टाकते. "कळलं गं, कळलं," मी म्हणाले, "उलटी." पुठ्ठा खाली टाकला आणि भांडं उचललं. त्यानंतर तिने त्या तक्त्याला हात लावला नाही. मला वाटलं, दमली.

डॉक्टर घरी येऊन गेले. दादाने सांगितलं, "सारखं उलटी उलटी करते आणि होत काहीच नाही." डॉक्टर म्हणाले की मेंदूला इजा झालेली माणसं कधीकधी एकाच शब्दात अडकतात, त्याला अर्थ नसतो, आणि घरातल्या माणसांनी स्वतःला किती पिळून घ्यायचं यालाही मर्यादा आहे. त्यांनी केंद्राचं नाव दिलं. दादाने त्याच संध्याकाळी फोन केला. जागा होती. सोमवार ठरला.

मी दादाला म्हणाले, "तिला विचारल्याशिवाय तू तिला या घरातून हलवायचं नाहीस."

"कसं विचारू?" तो म्हणाला. "तूच सांग ना, कसं विचारू? मला काय हौस आहे?"

हौस नव्हती हे मलाही दिसत होतं. तो पाच आठवड्यांत दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. पण मी म्हणाले, "लॅपटॉप सुरू होईपर्यंत थांब."

"सोमवारपर्यंत थांबतो," तो म्हणाला.

शनिवारी मी लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानेही तो टेबलावर पालथा घालून उघडला, दिव्याखाली निरखला, ठिकठिकाणी टोचून पाहिलं, बंद केला, सरळ केला, बटण दाबलं. दिवा लागला आणि विझला. "मदरबोर्ड गेला, काकू," तो म्हणाला. "एवढ्या जुन्याचा पार्टही मिळत नाही. माळ्यावर टाकून द्या." मला त्याचा इतका राग आला की मी आभारही न मानता लॅपटॉप काखेत मारून निघाले. रस्ताभर मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडत होते. घरी आल्यावर भांडण संपलं आणि नुसती भीती उरली.

रविवारी दुपारी दादा बाहेरच्या खोलीत केंद्राचा फॉर्म भरत बसला होता. रुग्णाला समज आहे का, असा त्यात एक प्रश्न होता. मी पाण्याचा तांब्या घ्यायला गेले तेव्हा त्याने 'नाही'वर खूण केलेली मी पाहिली. आत आले, लॅपटॉप पालथा घातला आणि स्क्रू काढायला लागले, चौथ्यांदा. आता त्यात शोधण्यासारखं काही नव्हतं. हाताला काम हवं होतं इतकंच. त्या नादात दुपारची गोळी द्यायची राहिली.

"उल्ट," वहिनी म्हणाली.

मी न बघता भांडं उचललं आणि तिच्या हनुवटीखाली धरलं. गोळी पोटात नसल्याने त्या दिवशी तिच्या अंगात थोडा जोर होता. तिने डाव्या हाताने भांड्याची कड पकडली आणि ते माझ्या हातातून ओढून घेतलं. मला वाटलं, फेकणार. तिने फेकलं नाही. पांघरुणावर ठेवलं. मग मनगट वळवून पालथं केलं. त्याच्या कडेला बोट दाबलं. माझ्याकडे बघून थोडा वेळ थांबली. मग ते पुन्हा सरळ केलं.

"उल्ट," ती म्हणाली, आणि टेबलावरच्या लॅपटॉपकडे बोट केलं.

मी भांडं बाजूला सारलं. लॅपटॉपचे स्क्रू लावले, झाकण बोटभर उघडं ठेवलं, तो पालथा केला आणि कडेचं बटण दाबलं. दिवा लागला. एक सेकंद, दोन, तीन. आतून घुर्रर्र असा आवाज सुरू झाला. मी अलगद तो सरळ केला. आवाज चालूच राहिला. पडदा उजळला.

पंखा झिजला होता. सरळ ठेवला की बसल्या जागी अडकायचा, उलटा केला की मोकळा व्हायचा. आणि हा लॅपटॉप सुरू होताना आधी पंखा फिरतोय का ते बघतो, फिरत नसेल तर तापून जळू नये म्हणून स्वतःच बंद होतो. एकदा फिरायला लागला की मग सरळ केला तरी थांबत नाही. दुरुस्तीला घेतलेला लॅपटॉप कायम पालथा असतो. त्यामुळे माझ्या बोटालाही पंखा मोकळा लागला आणि दुरुस्तीवाल्याच्याही. वहिनी रोज सकाळी खटपट करायची ती हीच. पण ते सगळं राहू दे. बिघडलेल्या लॅपटॉपमधून पंख्याचा आवाज येत नाहीये, हे मला पहिल्या दिवशी ऐकू यायला हवं होतं. मी कान. आणि तिचा शब्द मी लॅपटॉप तिच्या खोलीत आणला त्या दिवसापासून सुरू झाला होता, हे तर लहान मुलानेही ओळखलं असतं.

मी उशा लावून तिला बसवलं. पाटावर लॅपटॉप ठेवून पाट तिच्या मांडीवर ठेवला. तिचं सॉफ्टवेअर उघडून दिलं. तिने डावा हात कीबोर्डवर ठेवला, डोळे मिटले आणि बोटांनी कळा चाचपल्या. एकेक अक्षर यायला वेळ लागत होता. मी पडद्याकडे बघत उभी राहिले.

'वन्सं, उलटी नाही. उलटा.'

मी हसले आणि हसता हसता हुंदका फुटला. "अगं, मला माफ कर," मी म्हणाले. "मी मूर्ख आहे. मी ठार बहिरी आहे."

'गोळी बंद करा. झोप येते,' तिने लिहिलं. मग 'भात द्या.' पूर्णविरामसुद्धा दिला होता.

"देते. सगळं देते. पण आधी ऐक," मी तिच्याजवळ बसून म्हणाले. "उद्या दहाला गाडी येणार आहे. तुला माहीत आहे. तू फक्त एवढंच लिही की जायचं नाही. पुढचं मी बघते. दादाशी भांडायला मी खमकी आहे."

ती लिहू लागली. माझे डोळे तिच्या बोटांवर होते, त्यामुळे पडद्यावर काय उमटलं ते मी उशिरा वाचलं.

'मला जायचंय.'

"घाबरून लिहू नकोस," मी म्हणाले. "तो काही बोलला का तुला?"

'नाही.' मग बराच वेळ कळांचा आवाज येत राहिला. चुकलेलं अक्षर ती खोडायची आणि पुन्हा लिहायची. मी वाट बघितली. 'तिथे सगळे परके. त्यांना माझं कळलं नाही तर मला काही वाटणार नाही. तुम्हाला कळत नाही ते आता सोसवत नाही.'

"पण आता कळलं ना!" मी जवळजवळ ओरडले. "आता रोज असंच बोलायचं. मी उलटा करून देत जाईन, दिवसातून दहा वेळा देईन."

'अकरा दिवस मी तीन अक्षरं बोलत होते,' तिने लिहिलं.

मी तिचा हात धरायला गेले, पण तिचा तो एकच हात चालत होता आणि तो कीबोर्डवर होता. मी माझा हात मागे घेतला. मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू. एवढी धडपड केली ती कुणासाठी, असंही मनात आलं. आणि त्याच क्षणी स्वतःची इतकी घृणा वाटली की खोलीतून पळून जावंसं वाटलं.

आवाज ऐकून दादा दारात आला. हातात फॉर्म, चष्मा बाहेरच राहिलेला. त्याने उजळलेला पडदा पाहिला, तिचा हात पाहिला आणि तो दाराला धरून उभा राहिला.

"सुरू झाला?" तो म्हणाला. "ती लिहितेय?" आणि मग, "काय म्हणते ती?"

तो चष्म्याशिवाय हातभर अंतरावरचंही वाचू शकत नाही. मी काहीही सांगितलं असतं तरी त्याने मानलं असतं. जायचं नाही म्हणते, एवढे तीन शब्द पुरे होते. तो फॉर्म फाडला असता त्याने, मला खात्री आहे, आणि सुटल्यासारखा रडलाही असता. वहिनी माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत विनवणी नव्हती की धाक नव्हता. मी काय करते हे ती नुसतं बघत होती.

मी पडद्यावरचं वाचून दाखवलं. पहिल्या 'वन्सं'पासून शेवटच्या अक्षरापर्यंत, एकही शब्द न गाळता. उलटी नाही, उलटा, हेही वाचलं, आणि त्याचा अर्थ त्याला सांगितला. तीन अक्षरंवाली ओळ मी दोनदा वाचली.

दादा खुर्चीवर बसला. त्याने फॉर्मची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. पंखा तेवढा फिरत होता.

"गाडी दहाला येणार आहे," शेवटी तो मला म्हणाला. "तिला सांग."

"तूच सांग," मी म्हणाले. "तिला सगळं ऐकू येतं."

तो उठला. पलंगाशी गेला, वाकला आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसा तिच्या कानाशी ओरडून म्हणाला, "गाडी दहाला येणार आहे!"

वहिनीने डोळे मिटले. बोटं कळांवरून फिरली.

'चालेल,' तिने लिहिलं.